जळालेल्या आयजीबीटीचा काळा ठिपका काठावरच का सापडतो?

बांधीवाला | रविवार, दुपारी २:१०

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातील एका गावात राहतो आणि शेतीपंपांचे स्टार्टर व सौर कृषी पंपांचे कंट्रोलर दुरुस्त करण्याचे काम करतो. गेल्या काही वर्षांत सौर पंप वाढले, तसे माझ्या टेबलावर येणारे कंट्रोलरही वाढले. त्यांत बहुधा १२०० व्होल्टचे आयजीबीटी मॉड्यूल, म्हणजे मोटारीचा प्रवाह झटपट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, गेलेले असते. ते बदलले की पंप चालू होतो आणि शेतकरी मोकळा होतो, म्हणून आजवर मी जुने मॉड्यूल उघडून पाहण्याच्या फंदात पडलो नव्हतो.

या पावसाळ्यात काम कमी असल्याने साठवलेली सात-आठ मॉड्यूल उघडली. वरचे प्लॅस्टिकचे झाकण काढले की आत जेलीसारखा पारदर्शक, हाताला गिलगिलीत लागणारा थर असतो आणि त्याखाली नखाएवढ्या चौकोनी चिपा दिसतात. संगणकाला जोडायच्या स्वस्त सूक्ष्मदर्शकाखाली एक चिप धरली. मधला भाग चंदेरी असून त्यावर ॲल्युमिनियमच्या जाड तारा जोडलेल्या आहेत. मात्र त्या चंदेरी भागाभोवती, फोटोला चौकट असावी तशी, पिवळसर तपकिरी पट्टी आहे आणि तिच्यात एकात एक बसवलेल्या बारीक रेषा आहेत. कोपऱ्यांवर या रेषा काटकोनात न वळता गोल फिरवलेल्या आहेत.

काही चिपांचा मधला भाग वितळलेला होता, ते मी समजू शकतो. परंतु तीन चिपांमध्ये मधला भाग अगदी स्वच्छ होता आणि त्या चौकटीवर, एकदा बाजूला व दोनदा कोपऱ्यावर, खसखशीच्या दाण्याएवढा काळा खड्डा होता. ज्या पट्टीला एकही तार जोडलेली नाही, तिथे चिप जळते कशी? त्या रेषा कशासाठी आहेत? आणखी एक निरीक्षण सांगतो: ही तिन्ही मॉड्यूल अशा शेतांतून आली होती जिथे कंट्रोलरची पेटी धानाच्या बांधीच्या (खाचराच्या) धुऱ्यावर (बांधावर), पाण्याच्या अगदी जवळ उभी आहे.

मूळचा भंडारकर | रविवार, रात्री ९:४५

बांधीवाला भाऊ, तुम्ही ज्या पट्टीविषयी विचारले आहे, तिच्यावर माझी नोकरी चालते. मी अशा चिपा बनवणाऱ्या कारखान्यात प्रक्रिया अभियंता आहे आणि ही पट्टी, जिला इंग्रजीत एज टर्मिनेशन म्हणतात व मी येथे काठबांधणी म्हणेन, दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे असते.

उच्च व्होल्टच्या चिपेचा पाया अतिशय शुद्ध सिलिकॉनचा असतो. १२०० व्होल्टच्या चिपेत मिसळलेल्या अशुद्धीचे प्रमाण साधारण पन्नास कोटी सिलिकॉन अणूंमागे एक इतके विरळ असते. या एन जातीच्या थरावर पी जातीचा, म्हणजे बोरॉन मिसळलेला, उथळ थर बनवला की दोहोंच्या मध्ये जंक्शन तयार होते. उलट दिशेने व्होल्ट लावले की जंक्शनाच्या दोन्ही बाजूंचे भारवाहक मागे सरतात आणि मध्ये डिप्लीशनचा रिकामा पट्टा पसरतो. बंद अवस्थेतील सगळे व्होल्ट हा पट्टाच पेलतो. सिलिकॉनमध्ये विद्युत्क्षेत्र प्रति मायक्रॉन वीस ते तीस व्होल्टच्या पुढे गेले की एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याला, दुसरा चौथ्याला उखडत जातो आणि अॅव्हलांच ब्रेकडाऊन होतो. म्हणून १२०० व्होल्टसाठी सुमारे शंभर मायक्रॉन जाडीचा पट्टा लागतो.

चिपेच्या मधोमध हे जंक्शन सपाट असते आणि क्षेत्र सर्वत्र सारखे वाटले जाते. अडचण काठावर येते. पी थर आपण मास्कच्या खिडकीतून बोरॉन घालून व नंतर भट्टीत तापवून बनवतो. खिडकीच्या कडेला बोरॉन खाली उतरते तसे आडवेही सरकते, त्यामुळे जंक्शनाची कड गोलसर होते. खिडकीच्या चार कोपऱ्यांवर तर ती गोळ्याच्या आठव्या भागासारखी होते. अशा वळणावर क्षेत्राच्या रेषा गर्दी करतात आणि मध्यभाग निवांत असताना काठ आधी फुटतो.

तुम्ही पाहिलेल्या एकात एक चौकटी म्हणजे गार्ड रिंगा. काओ आणि वूली या दोघांनी १९६७ मध्ये त्यांची कल्पना मांडली. त्या पी जातीच्याच असतात, परंतु कशालाही जोडलेल्या नसतात, म्हणून त्यांना तरंगत्या रिंगा म्हणतात. मी साकोलीकडचा असल्यामुळे मला त्या नेहमी बांध्यांसारख्या वाटत आल्या आहेत. वरच्या बांधीतले पाणी एकदम नाल्यात सोडले तर धुरा फुटतो, म्हणून आपण उताराला एकाखाली एक बांध्या पाडतो आणि प्रत्येक धुऱ्यावर थोडीशीच उतरण येऊ देतो. येथे १२०० व्होल्टची उतरण पाच-सात रिंगांवर वाटलेली असते.

खडूफळा | सोमवार, सकाळी ७:२०

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वरील प्रतिसाद वाचून मी शाळेच्या वहीत आकडेमोड करून पाहिली, कारण ‘काठ आधी फुटतो’ एवढ्यावर माझे समाधान झाले नाही. किती आधी, हे कळायला हवे होते.

झे आणि गिबन्स यांनी १९६६ मध्ये जंक्शनाच्या वक्रतेचा ब्रेकडाऊनवर होणारा परिणाम मोजून दाखवला होता, आणि त्यानंतर या हिशेबासाठी सोपी सूत्रेही निघाली. जंक्शनाची खोली ५ मायक्रॉन आणि डिप्लीशनची पूर्ण रुंदी १०० मायक्रॉन धरली, तर सरळ कडेवरचा, म्हणजे पाव नळीच्या आकाराचा काठ सपाट जंक्शनाच्या सुमारे २८ टक्केच व्होल्ट पेलतो. बोचऱ्या कोपऱ्यावर तर हा आकडा सुमारे ११ ते १२ टक्क्यांवर येतो. म्हणजे १२०० व्होल्टची चिप काठबांधणीशिवाय बनवली, तर तिची कड ३४० व्होल्टच्या आणि कोपरा १४० व्होल्टच्या आसपास फुटेल. घरातल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्ट असते. तेवढेही तिला झेपणार नाही.

बांधीवाला यांनी कोपरे गोल असल्याचे टिपले ते यासाठीच. गोलाईची त्रिज्या डिप्लीशनच्या रुंदीच्या दोन-तीन पट ठेवली की कोपरा जवळजवळ सरळ कडेसारखा वागू लागतो.

एक शंका मात्र आहे. बांध्यांची उपमा सुंदर असली तरी बांधीत पाणी वाहते आणि धुऱ्याला पाडलेल्या वाटेने खाली उतरते. येथे रिंगांमधून तर काहीच वाहत नाही, वाहू लागले तर चिप गळू लागली असे म्हणावे लागेल. मग कशालाही न जोडलेल्या रिंगेला आपले व्होल्ट किती असावेत हे कळते कसे?

मूळचा भंडारकर | सोमवार, रात्री १०:०५

ताई, उपमा तिथे तुटते हे मान्य आहे. रिंगेला व्होल्ट मिळतात ते डिप्लीशन पट्टा तिच्यापर्यंत पोचल्यामुळे. मुख्य जंक्शनावरचे व्होल्ट वाढत जातात तसा हा पट्टा बाहेरच्या दिशेने सरकतो. तो पहिल्या रिंगेला स्पर्श करतो त्या क्षणी मधल्या अंतरावर जेवढे व्होल्ट होते, तेवढ्यावर त्या दोहोंमधला फरक जवळजवळ थांबतो आणि पुढचे व्होल्ट रिंगेच्या बाहेरचा पट्टा पेलू लागतो. मग दुसरी रिंग, मग तिसरी. प्रवाह लागतो तो अगदी नगण्य, रिंगेचा भार जुळवण्यापुरता.

त्यामुळे सगळे कसब रिंगांमधल्या अंतरात असते. पहिली रिंग फार दूर ठेवली तर पट्टा तिच्यापर्यंत पोचण्याआधीच मुख्य कड फुटते. फार जवळ ठेवली तर ती जवळजवळ मुख्य जंक्शनाच्याच व्होल्टवर बसते आणि सगळे ओझे तिच्या बाहेरच्या कडेवर जाते. म्हणून आतली अंतरे कमी आणि बाहेर जाताना वाढत जाणारी ठेवतात. अर्ध्या-एक मायक्रॉनची चूकसुद्धा परिणाम दाखवते. भट्टीत बोरॉन आडवे किती सरकणार याचा अंदाज चुकला की कागदावरची अंतरे आणि सिलिकॉनमधली अंतरे जुळत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत अशा एका फसलेल्या लॉटसाठी मी तीन आठवडे मापे घेत बसलो होतो.

गार्ड रिंगांचा मोठा गुण असा की त्यांच्यासाठी वेगळी प्रक्रिया लागत नाही. मुख्य पी थर बनतो त्याच खिडक्या, तेच बोरॉन, तीच भट्टी. रिंगांच्या वर ऑक्साइडवर पॉलिसिलिकॉनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवतात, त्या फील्ड प्लेटा. त्या वळणावरची गर्दी आणखी पसरवतात आणि वरून येणाऱ्या आगंतुक भारापासून रिंगांना आडोसा देतात. सर्वांत बाहेर, करवतीने चिपा सुट्या करायच्या रेषेच्या अलीकडे, एन जातीची गडद, म्हणजे जास्त अशुद्धी मिसळलेली, पट्टी असते, तिला चॅनल स्टॉपर म्हणतात. करवतीने सिलिकॉनची कड ओरबाडली जाते, आणि डिप्लीशन तिथवर पोचले तर गळती आवरत नाही.

निवृत्त उपकेंद्र | मंगळवार, सकाळी ६:५०

मी आयुष्यभर वीज पारेषणात काम केले आणि आता चंद्रपुरात स्थिरावलो आहे. आपल्या जिल्ह्याला या विषयाचे वावडे नाही, हे तरुण मंडळींना कळावे म्हणून लिहितो. चंद्रपूर ते पडघे ही ±५०० किलोव्होल्टची, ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. भद्रावतीला पश्चिम व दक्षिण विभागांच्या जाळ्यांना जोडणारे १००० मेगावॉटचे बॅक टू बॅक केंद्र आहे. या दोन्ही ठिकाणी काम करतात ते थायरिस्टर, म्हणजे आयजीबीटीच्या आधीच्या पिढीतले सिलिकॉनचे मोठे स्विच.

माझ्या टेबलावर कागद दाबायला एक निकामी थायरिस्टर असतो. तो फोडून आतली चकती मी मुद्दाम बाहेर काढली आहे. तळहाताएवढी गोल चकती, आणि ती संपूर्ण चकती म्हणजे एकच चिप. तिच्यावर गार्ड रिंग नाही. त्याऐवजी तिची कड तिरकी घासलेली आहे आणि त्यावर रबरासारखा सिलिकोनचा लेप आहे. बोट फिरवले तर पुरणपोळीच्या लाटलेल्या कडेसारखा तो उतार हाताला लागतो.

डेव्हिस आणि जेंट्री यांनी १९६४ मध्येच दाखवले होते की कड योग्य कोनात घासली तर पृष्ठभागावर डिप्लीशन पट्टा रुंद होतो आणि क्षेत्र सौम्य होते. गडद थराकडून विरळ थराकडे जाताना क्षेत्रफळ कमी होत असेल तर त्याला धन बेव्हल म्हणतात, तो मोठ्या कोनातही चालतो. उलट बाजूचा ऋण बेव्हल मात्र अवघ्या दोन-चार अंशांचा ठेवावा लागतो, नाहीतर फायद्याऐवजी तोटा होतो. थायरिस्टरला दोन्ही दिशांचे व्होल्ट अडवायचे असल्याने त्यात दोन जंक्शने सांभाळावी लागतात.

माझा प्रश्न भंडारकरांना आहे. घासलेली कड इतकी भरवशाची आहे, तर तुम्ही लोक बारीक चौकटींचा एवढा खटाटोप कशाला करता?

मूळचा भंडारकर | मंगळवार, रात्री ९:३०

काका, उत्तर तुमच्या टेबलावरच आहे. एका चकतीची एकच चिप असेल तर एक कड घासायची असते. आमच्या २०० मिलिमीटरच्या चकतीवर शेकडो चौकोनी चिपा असतात. प्रत्येकीच्या चारी कडा घासत बसणे परवडत नाही आणि चौकोनाचे कोपरे नीट घासताही येत नाहीत. १९५९ मध्ये जाँ अर्नी यांनी प्लेनर पद्धत शोधली, तेव्हापासून सगळे काम चकतीच्या वरूनच करायचे अशी शिस्त पडली आणि काठबांधणीही वरूनच करावी लागली.

मात्र या शिस्तीची किंमत जागेत मोजावी लागते आणि काठबांधणी सुधारण्यामागचा अर्धा झगडा जागेचाच आहे. समजा चिप ५ मिलिमीटर चौरस आहे आणि चारी बाजूंनी ०.४ मिलिमीटर रुंदीची चौकट आहे. प्रवाह वाहणारा भाग ४.२ मिलिमीटर चौरस उरतो, म्हणजे २९ टक्के सिलिकॉन केवळ कुंपणात गेले. चौकट ०.२ मिलिमीटर केली तर तोटा १५ टक्क्यांवर येतो. हीच ०.४ मिलिमीटरची चौकट १२ मिलिमीटरच्या मोठ्या चिपेला १३ टक्केच खाते. म्हणजे जेवढी चिप लहान तेवढे कुंपण महाग. दीड एकराच्या तुकड्याला तारेचे कुंपण घालताना जो हिशेब डोळ्यांत पाणी आणतो, तोच हा.

जागा वाचवण्याचा पहिला मोठा मार्ग व्हिक्टर टेम्पल यांनी १९७७ मध्ये सुचवला. त्याला जंक्शन टर्मिनेशन एक्स्टेन्शन, थोडक्यात जेटीई म्हणतात. सुट्या रिंगांऐवजी मुख्य जंक्शनाला चिकटूनच विरळ पी थराची पट्टी बाहेर काढायची आणि तिच्यातील बोरॉन इतके मोजून घालायचे की पूर्ण व्होल्टला ती पट्टी नेमकी रिकामी होईल. हा डोस गाउसच्या नियमाने वहीवर काढता येतो. ताईंना तो क्षणात जमेल. सिलिकॉनसाठी तो प्रति चौरस सेंटिमीटर १० चा १२ वा घात, याच्या आसपास येतो. डोस कमी पडला तर पट्टी लवकर रिकामी होते आणि गर्दी पुन्हा मुख्य कडेवर येते. जास्त झाला तर पट्टीची बाहेरची कडच नवे जंक्शन होऊन फुटते. दहा टक्क्यांची चूक तिला सहजी झेपत नाही.

त्यावर स्टेंगल आणि गोझेले यांनी १९८५ मध्ये जो उपाय काढला तो मला या क्षेत्रातील सर्वांत देखणा वाटतो. मास्कमध्ये सलग खिडकीऐवजी बारीक भोके ठेवायची, आत दाट आणि बाहेर जाताना विरळ. एकाच वेळी सर्वत्र सारखे बोरॉन घालायचे. मग भट्टीत कित्येक तास तापवले की भोकांखालचे थेंब पसरून एकमेकांत मिसळतात आणि आतून बाहेर हळूहळू विरळ होत जाणारा अखंड उतार तयार होतो. येथे बांध्या नाहीत, सरळ उतरते रानच आहे. अलीकडे खोल चर खणून त्यात विद्युतरोधक द्रव्य भरायचे आणि डिप्लीशनला आडवे पसरण्याऐवजी चराच्या भिंतीलगत खाली वळवायचे, असाही मार्ग आहे. जागा खूप वाचते, परंतु चर भरताना पोकळी राहिली की सगळे मुसळ केरात.

तुरीचा धुरा | बुधवार, सकाळी ११:१५

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, यात वाद नाही. तथापि धागा एका गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या माणसाने काढला होता आणि त्याच्या प्रश्नाचा धुऱ्यावरच्या पेटीशी काय संबंध, हे अजून कोणीही सांगितलेले नाही. रिंगांची अंतरे कारखान्यात ठरली आणि चिप तपासून बाहेर पडली. मग ती आमच्या रानात येऊन दोन पावसाळ्यांनंतर का जळते? की माल हलका येतो, एवढेच सोपे उत्तर आहे?

मूळचा भंडारकर | बुधवार, रात्री ११:००

रास्त तक्रार आहे. माल हलका असू शकतो, पण तेवढ्यावर विषय संपत नाही.

मघाचा जेटीईचा आकडा लक्षात घ्या: १० चा १२ वा घात. चिपेच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडमध्ये किंवा त्यावरच्या थरात याच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १० चा ११ वा घात इतका परका भार साचला, तरी डोसमध्ये दहा टक्क्यांची चूक केल्यासारखेच होते. हा भार सोडियमसारख्या फिरत्या आयनांचा असू शकतो, तसा पाण्याच्या रेणूंच्या मदतीने पृष्ठभागावर सरकणाऱ्या आयनांचाही. चिप कारखान्यातून निर्दोष निघाली तरी तिच्या काठाचा हिशेब नंतर शेतात बिघडू शकतो. मध्यभागी असा धोका नाही, कारण तिथले क्षेत्र सिलिकॉनच्या पोटात असते. काठ हीच एक जागा आहे जिथे पूर्ण व्होल्टचे क्षेत्र पृष्ठभागावर उघडे पडते.

म्हणून काठावर पॅसिव्हेशनचे, म्हणजे पृष्ठभागाला संरक्षण देणारे, थर चढवतात: आधी ऑक्साइड, मग सिलिकॉन नायट्राइड किंवा किंचित वाहक असा अर्धविद्युतरोधक पॉलिसिलिकॉनचा थर, आणि वर पॉलिइमाइड. बांधीवाला भाऊंना दिसलेला पिवळसर तपकिरी रंग याच पॉलिइमाइडचा. त्यावरची जेली ठिणगी अडवते, पण पाण्याची वाफ अडवत नाही. दमट हवेत काही तास किंवा दिवस गेले की वाफ जेलीतून झिरपून चिपेपर्यंत पोचते. सोबत क्लोराइडसारखी अशुद्धी असेल तर ॲल्युमिनियमच्या फील्ड प्लेटा गंजू लागतात.

तुमच्या सौर पंपाचा दिनक्रम या बाबतीत विशेष वाईट आहे. कारखान्यातले यंत्र चोवीस तास चालते, त्यामुळे त्याची चिप कोमट आणि कोरडी राहते. सौर कंट्रोलर रात्रभर थंड पडून दमट हवा पीत बसतो. पहाटे पॅनलवर ऊन पडते, मोटार अजून सुरू झालेली नसते, म्हणून पॅनलचे व्होल्ट मोकळ्या अवस्थेत असतात. चौदा पॅनल ओळीने असतील आणि प्रत्येकाचे पन्नास धरले तर सातशे. तापमान २५ वरून १० अंशांवर उतरले तर पॅनलचे व्होल्ट अंशामागे सुमारे ०.३ टक्क्याने वाढून ७३० च्या घरात जातात. सिलिकॉनचे ब्रेकडाऊन व्होल्ट मात्र थंडीत किंचित घटतात. सर्वांत ओला काठ आणि दिवसातले सर्वांत चढे व्होल्ट यांची गाठ रोज त्याच वेळेला पडते. ७३० व्होल्टने निरोगी १२०० ची चिप फुटत नाही. कुजलेला काठ मात्र स्विचिंगच्या झटक्याची भर पडताच फुटू शकतो.

चाचण्यांविषयीही सांगायला हवे. ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता आणि १००० तास ही दमटपणाची जुनी चाचणी आहे, परंतु तिच्यात पूर्वी चिपेवर फक्त ८० व्होल्टपर्यंतच लावत असत. १२०० ची चिप ८० व्होल्टवर तपासणे म्हणजे बैल विकत घेताना त्याला रिकाम्या गाडीला जुंपून पाहणे. आता चांगले उत्पादक हीच चाचणी निर्धारित व्होल्टच्या ८० टक्क्यांवर घेतात. मॉड्यूल घेताना त्याच्या माहितीपत्रकात हा उल्लेख आहे की नाही, एवढे पाहिले तरी तुरीचा धुरा यांच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळेल.

खडूफळा | गुरुवार, सकाळी ७:०५

गाउसचा हिशेब केला. सिलिकॉनसाठी १.३ गुणिले १० चा १२ वा घात आला. उत्सुकतेपोटी सिलिकॉन कार्बाइडसाठीही, म्हणजे नव्या पॉवर चिपा ज्यापासून बनतात त्या सिलिकॉन-कार्बनच्या संयुगासाठीही, काढला: त्याचे सहन होणारे क्षेत्र सिलिकॉनच्या सुमारे दहा पट, म्हणून डोसही जवळजवळ दहा पट, १० चा १३ वा घात याच्या आसपास. मग परक्या भाराचा त्रास दहा पट कमी व्हायला हवा. तसे घडते का?

मूळचा भंडारकर | गुरुवार, रात्री ९:५०

ताई, कागदावर तसेच आहे. दुर्दैवाने सिलिकॉन कार्बाइड आणि ऑक्साइड यांच्या सीमेवर मुळातच अधिक भार अडकतो, १० चा १२ वा घात तिथे नवलाचा नाही. म्हणजे फिरून दहा टक्क्यांवरच आलो. शिवाय सीमेलगत ऑक्साइडमधले क्षेत्र सिलिकॉन कार्बाइडमधल्या क्षेत्राच्या अडीच पट असू शकते, त्यामुळे वरच्या थरांवर ताण कितीतरी जास्त येतो.

बनवण्याची रीतही बदलते. १२०० व्होल्टसाठी तिथे अवघा दहाएक मायक्रॉन जाडीचा थर पुरतो, म्हणून चिप लहान होते आणि कुंपणाचा प्रश्न तीव्र होतो: ३ मिलिमीटर चिपेला ०.४ मिलिमीटरची चौकट घातली तर ४६ टक्के जागा तिच्यातच जाईल. दुसरे असे की या पदार्थात अशुद्धीचे अणू भट्टीत सरकतच नाहीत म्हटले तरी चालेल. त्यामुळे भोकांचे थेंब मिसळून उतार बनवण्याची ती देखणी युक्ती येथे निरुपयोगी ठरते. ॲल्युमिनियमचे आयन तापलेल्या चकतीवर मारावे लागतात, मग कार्बनचा थर झाकून १६०० ते १७०० अंशांवर भाजावे लागते, आणि उताराऐवजी डोसच्या दोन-तीन पायऱ्या किंवा जेटीई व रिंगा यांचा संगम करावा लागतो. म्हणजे पुन्हा बांध्याच.

हे आपल्यापासून फार लांब राहिलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या प्रकल्पांना मंजुरी दिली, त्यांत ओडिशातील सिलिकॉन कार्बाइडचा कारखाना आणि मोहाली येथील पॉवर चिपांच्या कारखान्याचा विस्तार आहे. तिथे जाणाऱ्या अभियंत्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की आपल्या शेतीपंपासाठी चिप आखताना काठ शेवटच्या मायक्रॉनपर्यंत कोरू नये. चौकट थोडी रुंद राहू द्यावी, जेटीईचा डोस दोन्ही बाजूंना चुकला तरी निभावेल असा निवडावा आणि पॅसिव्हेशनवर पैसे घालावेत. माझ्या कारखान्यातील आर्थिक विभागाला हे मत आवडत नाही, याची मला कल्पना आहे.

निवृत्त उपकेंद्र | शुक्रवार, सकाळी ६:३०

मताशी सहमत आहे. बांधीवाला यांना एक व्यवहारी सूचना: संशयित मॉड्यूल कंट्रोलरमधून पूर्ण सोडवून, कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करून, गेट आणि एमिटर तारेने जोडावेत आणि कलेक्टर-एमिटर दरम्यान १००० व्होल्टचा मेगर (विद्युतरोध मोजणारा मीटर) लावावा. धन टोक कलेक्टरलाच लावावे. उलटे लावल्यास आतला डायोड वाहू लागेल आणि मेगर शून्य दाखवेल, त्यावरून चांगले मॉड्यूल फेकू नये.

बांधीवाला | रविवार, सायंकाळी ५:४०

सर्वांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस मोजणी केली. माझ्याकडे वापरात असलेली, अजून न जळलेली तीन मॉड्यूल होती. दोन घरालगतच्या विहिरींवरची असून त्यांचा मेगर हजार मेगोहमच्या वर गेला. तिसरे धुऱ्यावरच्या पेटीतले. शनिवारी सकाळी पेटीतून काढल्याबरोबर त्याने ३५ मेगोहम दाखवले. मग ते बल्बच्या पेटीत, अंडी उबवतात तशा उबेत, दिवसभर ठेवले. संध्याकाळी थंड झाल्यावर ४०० च्या पुढे गेले. रात्री परत पडवीत उघड्यावर ठेवले, बाहेर पाऊस होता, आणि आज सकाळी काटा पुन्हा ६० वर आला.

हे मॉड्यूल मी परत बसवलेले नाही. पेटीच्या तळाला केबलसाठी पाडलेली दोन भोके उघडीच होती, ती ग्लँड लावून बंद केली आणि पेटी धुऱ्यावरून उचलून वरच्या पडीत जागेवर, कमरेएवढ्या खांबावर घेतली. शेतकरीदादांनी केबल लांबवण्याच्या खर्चावरून थोडी कुरकुर केली. त्यांना सूक्ष्मदर्शकाखालचा तो कोपऱ्यावरचा खड्डा दाखवला, तेव्हा बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, ‘‘यालाही धुरा असते का जी?’’